मालकाचा वाटा

प्रॉव्हिडंट फंडावर आमच्या आतोबांइतकं प्रेम करणारा माणूस ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत दुसरा सापडणार नाही. लग्नात अक्षता पडायच्या आत ते नवरदेवाला गाठून विचारायचे, “मालक फंडात वाटा भरतो ना?” तो गोंधळला, की मुलीच्या बापाकडे बघून खिन्नपणे मान हलवायचे. खोपटच्या डेपोत त्यांनी एका कंडक्टरला याच विषयावर असं धरून ठेवलं, की एसटी सुटली तेव्हा निम्मे प्रवासी चालत घरी पोचले होते म्हणतात. डोंबिवलीतल्या एका रिक्षावाल्यालाही त्यांनी विचारलेलं.

“मालक मीच आहे, काका.”

“मग स्वतःचा वाटा तरी भर की रे.”

याला कारण होतं. कोलशेतच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली. दर सात महिन्यांनी ब्रेक देऊन घरी बसवायचे आणि आठवड्याने नवा माणूस म्हणून परत घ्यायचे. त्यांनी शिकवलेली पोरं फोरमन होऊन रिटायर झाली, तरी आतोबा नवीनच. कायम कधी झालेच नाहीत. मालकाने फंडात दमडी घातली नाही.

त्यामुळे सिंगापूरला नोकरी करणाऱ्या मुलाला तिथला कायम रहिवासी म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा त्यांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. तिथला नियम असा, की मान्यता मिळाल्यावर पहिली दोन वर्षं मालक थोडा वाटा भरतो आणि तिसऱ्यापासून पुरता. आतोबांना हे पाठ होतं. मुलाला दर रविवारी फोनवर जेवलास का, हे आत्या विचारायची; आतोबा वाट्याचं विचारायचे.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, मी परत येतो. ठाण्यात नोकरी मिळतेय. तुम्ही दोघंच असता तिकडे.” आत्याने तर कपाटाचे दोन कप्पे त्याच्यासाठी रिकामेही केलेले.

आतोबा कडाडले, “आता पुरता वाटा पडणार आणि आता येतोस? गाढवा, माझ्याकडे बघ जरा.”

मग तो म्हणाला, “बरं.”

त्याला आता सात वर्षं झाली. त्याने तिकडेच घर घेतलंय. आत्या वाट्याचा विषय निघाला की उठून आत जाते.

परवा मी गेलेलो, तेव्हा आतोबांनी नुकताच मुलाचा फोन ठेवला होता. मग हळूच म्हणाले, “एकदा भांडायचं होतं रे त्यानं माझ्याशी. मी ऐकलं असतं.”