हसू ऐकणारा उतार

माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फाळ खिंडीत होती. मी सिग्नलमन, गाव चौल. आमच्याकडे माडावर चढण्याआधी माडाची परवानगी मागतात. विसरलं तर नारळ नेमका डोक्यात पडतो. त्यामुळे पोस्टसमोरचा बर्फाचा उतार माणसाचं हसू ऐकून कोसळतो, हे ब्रीफिंगमध्ये कळलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. बोलणं, खोकणं, शिव्या त्याला चालत. खोट्या हसण्याकडे तो लक्ष देत नसे. आधीच्या तुकडीतले तिघे जण, एकाची टोपी वाऱ्याने उडाली म्हणून गेले होते.

म्हणून रोज सकाळी सहा ते साडेसहा हसण्याची परेड होई. बंकरचा दगड जाड, आवाज बाहेर जात नसे. दार लावून सगळ्यांनी पोटातलं हसू संपवायचं, मग गस्त निघायची. परेड घेई लान्स नाईक हिराजी, मुरुडचा कोळी. सुभेदारसाहेब गंभीरपणे बघत आणि म्हणत, "तिसरा जवान हसला नाही. पुन्हा सांग." विनोद सांगायची माझी पाळी आली की परेड थंड पडे. मी पुस्तकं वाचणारा. विनोदालाही तळटीप द्यावीशी वाटे. हिराजी मला मास्तर म्हणे.

त्या दिवशी एका जवानाला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. नऊ वाजता चौघे त्याला स्ट्रेचरवर घेऊन उताराखाली शिरले. हिराजी पलीकडच्या टेकाडावर निरीक्षणाला होता, मी बंकरमध्ये रेडिओवर, सुभेदारसाहेब शेजारी. नऊ वीसला पुढचा जवान घसरला आणि थेट पेशंटच्या मांडीवर जाऊन बसला. पेशंट तापात होता. तो खदखदून हसला.

उतार आधी हसण्याच्या दिशेने वाकतो, पाचेक मिनिटांनी सुटतो. मधे दुसरीकडून हसू आलं तर तिकडे वळतो.

"मास्तर, बर्फ वाकलाय त्यांच्यावर. त्याला हिकडं घेतो. मला हसव. ओव्हर."

"हिराजी, तू आधी खाली उतर. ओव्हर."

"मी येकटा हाय, ती पाच मानसं हायत. सांग काय ते."

मी सुभेदारसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "सांग," ते म्हणाले.

"एक काकू दुपट्यात सुरमई गुंडाळून एसटीत बसते. कंडक्टरला वाटतं बाळ आहे. म्हणजे सुरमई आहे हे त्याला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे, कारण मी आत्ताच सांगितलं. ओव्हर."

"मास्तर, बाजार भरायच्या आधीच मासा विकलास."

"थांब. कंडक्टर दुपटं उचलतो आणि म्हणतो, बापावर गेलाय. पण त्याआधी त्याने अर्धं तिकीट मागायला हवं होतं. ते राहिलं. ओव्हर."

रेडिओवर आधी नुसता श्वास आला. मग हसू, नाकातून, मग पोटातून. "तिकीट राहिलं," असं म्हणून तो पुन्हा हसला. नऊ चोवीसला रेडिओ बंद झाला. नऊ चाळीसला स्ट्रेचर पार झालं. पेशंट आज दोन मुलींचा बाप आहे.

हिराजीच्या आईला पत्र लिहायला मी तीन आठवडे घेतले. जमलं नाही. सुट्टीत मुरुडला गेलो. ती अंगणात सुकट पसरत होती. मी सगळं सांगितलं, माझी ती सुरमईची गोष्टही.

"खरा हसला?" तिने विचारलं.

"हो, आई."

तिने सुकटीवर हात फिरवला. "भ्याला की त्याच्या तोंडातून शबुद फुटत न्हवता, ल्हानपनापासून. हसला म्हंजे भ्याला न्हवता रं, बाबा."

पत्रात मला एवढंच लिहायचं होतं.