पहिल्या अंकातली चुकलेली गाठ

पुण्याजवळच्या नांदे गावात रंभाबाईंनी जमीन विकून उरल्या तुकड्यावर दहा खोल्या बांधल्या होत्या. भाडेकरू सगळे हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारे, विशी-पंचविशीचे. त्यांत जनार्दन एकटाच बावन्न वर्षांचा. बुलढाण्याकडचा गडी, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. कधीकाळी तो गणित शिकवायचा म्हणून रंभाबाई त्याला सर म्हणत.

पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात तो गाठींच्या गणितावर संशोधन करत होता. दोरीला गाठ मारायची, दोन्ही टोकं जोडून टाकायची आणि न कापता ती सुटेल का, हे शोधायचं. लोकांना हे रिकामटेकड्यांचे उद्योग वाटतात, वाटोत बापडे! शेजारच्या टेबलाशी हेमलता बसायची. जनार्दन आकृत्या भराभर काढी. कुठे खालून जायची दोरी वरून गेली, की हेमलता पेन्सिलीनं तिथे गोल करून वही परत सरकवी. बोलत काहीच नसे, पण चूक दिसल्यावर तिला राहवतही नसे. पुढे वडील अंथरुणाला खिळले, जनार्दननं नोकरी धरली आणि प्रबंध तसाच राहिला. हेमलता परगावी शिकवायला गेली, त्या दिवशी तो स्टेशनवरसुद्धा गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार होता? ते मात्र त्याला अजून सलत होतं.

यंदा त्यानं या विषयातल्या लोकांसाठी वार्तापत्र काढायचं मनावर घेतलं. देशभरात जेमतेम शंभर-सव्वाशे माणसं, आणि कोण काय करतंय याचा एकमेकांना पत्ता नाही. दर अंकात चार बातम्या, एक न सुटलेला प्रश्न आणि एक आकृती. आठ महिने खपून त्यानं एकशेबारा ईमेल पत्ते जमवले. हेमलताचा मिळाला सगळ्यांत शेवटी, पण यादीत तो त्यानं पहिला लिहिला.

रविवारी सकाळी अंक गेला. त्याची एक छापील प्रत घेऊन जनार्दन कौतुकानं रंभाबाईंच्या गोठ्याशी आला. रंभाबाईंनी म्हशीचं जुनं दावं घेतलं, आकृतीबरहुकूम मांडलं आणि टोकं ओढली. दावं सरळ झालं.

"आवं सर, ही कसली गाठ? हिच्यावर म्हस बांधली तर पार पिरंगुटाला जाऊन हुडकावी लागंल!"

जनार्दननं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. चौथ्या ठिकाणी दोरी खालून जायला हवी होती. गाठींचं वार्तापत्र, आणि पहिल्याच अंकात गाठ सुटलेली! धावत खोलीत जाऊन त्यानं दुरुस्तीचं पत्र लिहिलं. पाठवणार, तोच थांबला. हेमलता अंक वाचत असेल तर तिला राहवणार नाही. दुरुस्ती गेली, तर ती कशाला लिहील? त्यानं पत्र पुसून टाकलं. अब्रू गेली तरी चालेल, पण तिचं उत्तर यावं.

आठवडाभर उत्तरं येत राहिली. कुणी अदबीनं चूक दाखवली, कुणी टर उडवली, एकानं तर यादीतून नाव काढायला सांगितलं. कंपनीच्या बसमध्ये फोन वाजला की जनार्दन आधी पाठवणाऱ्याचं नाव बघे. पण अकरा पत्रांत तिचं एकही नव्हतं.

नवव्या दिवशी आलं. नुसता फोटो. त्याचीच आकृती कागदावर छापलेली आणि चौथ्या जागेभोवती पेन्सिलीचा गोल. कशी आहे, कुठे आहे, इतकी वर्षं काय केलं, काही म्हणजे काही नाही. जनार्दनचे डोळे भरून आले. त्यानं चार पानं लिहिली, खोडली आणि फक्त आभार कळवले. त्यावर उत्तर आलं नाही.

दुसऱ्या अंकात त्यानं दुरुस्ती छापायला घेतली. नवी आकृतीही काढली, तीनतीनदा तपासून. मग खोडरबर घेऊन एक जागा पुसली आणि तिथली वरून जायची दोरी मुद्दाम खालून नेली.

रंभाबाई दावं घेऊन तयारच होत्या. त्यांनी ओढून बघितलं.

"सर, पुन्यांदा सुटली की वो!"

"माहितेय मावशी."

"मग नीट करा की!"

"ते माझं काम नाही," जनार्दन म्हणाला आणि त्यानं अंक पाठवून दिला.