साळूबाईची विहीर आणि मेहताबचे भोपळे

“आधी दम घे, मग काय ते सांग.” बांगड्या भरताना बाया घाईघाईनं घरचं गाऱ्हाणं मांडायला लागल्या की मेहताब प्रत्येकीला हेच म्हणायची.

बेलापूरच्या आसपासच्या वस्त्यांवर तिचा फेरा असे. बाप पीरमहंमद विहिरी खोदायचा. पाठीला सुका भोपळा बांधून त्यानंच तिला पोहायला शिकवलं होतं. आता तिला वस्तीवरच्या पोरींना शिकवायचं होतं. पाण्यावर रोज जायच्या पोरी, आणि पोहता यायचं ते पोरांना, हे तिच्या मनाला पटत नव्हतं.

पायऱ्यांची विहीर एकच, साळूबाईची. म्हातारी मोठी मानी. तिची नात रोहिणी पोहायला शिकायचा कधीचा हट्ट धरून बसली होती, पण आजी ऐकेना. मेहताब तीनदा जाऊन आली. चौथ्यांदा साळूबाई म्हणाली, “आधी मी उतरते. जमलं तर इहीर तुझी. न्हाई जमलं तर पुन्हा नाव काढायचं न्हाई.”

दुपारी पुरुषमाणसं शेतात गेल्यावर म्हातारीनं काष्टा खोचला. मेहताब भोपळा बांधायला पुढे झाली, तर तिनं तो हिसकून घेतला आणि पोटावर बांधला.

“मावशी, पाठीला बांधत्यात.”

“जड पोट हाय माझं, पाठ न्हाई,” म्हणत तिनं शेवटच्या पायरीवरून उडी टाकली.

भोपळा उसळून वर आला आणि त्यानं म्हातारीला सरळ उताणं केलं. पाय हवेत, हात पाण्यात. सून सविता काठावरून ओरडायला लागली. मेहताबनं झेप घेतली, मानेखाली हात धरला आणि म्हणाली, “दम घ्या, मावशी.”

साळूबाईनं दम घेतला. हातपाय हळूहळू थांबले. पन्नास वर्षं तिनं या विहिरीत वाकून पाहिलं होतं. आतून वर पाहायची ही पहिलीच वेळ. गोल आभाळ, कडेला सुगरणीची घरटी. मेहताबनं हात काढला तरी तिला कळलं नाही.

तशीच तरंगत ती बोलली, “सविता, भाकरी तूच थाप. मला येळ लागंल.” मग मेहताबकडे वळून म्हणाली, “उद्यापासून पोरी आन. पन भोपळा पाठीलाच बांध. त्यांची पोटं कुठं एवढी.”

मेहताब ओल्या साडीनंच पेटी डोक्यावर घेऊन उसाच्या बांधानं निघाली. घरोघर सांगायचं होतं. मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्याजवळ रोहिणी तिच्याकडे बघत उभी होती, ती वळणाआड होईतो. आणि आजी? ती अजून पाण्यात उताणीच होती.