वळणावरचं तेल

लातुरात पाण्याचे टँकर बांधण्यात सिद्रामप्पांची हयात गेली. हौसेनं शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्या सुकन्याच्या गाडीचं इंजिन तापायचं, म्हणून त्यांनी तिला मोठा रेडिएटर आणि तेल थंड ठेवणारा ऑइल कूलर बसवून दिला. तिनं इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये आडवे पत्रेही मागितले, तेव्हा मात्र ते खेकसले, "तेल भरपूर हाय. ही थेरं कशाला?"

मग ट्रॅकवर ते तिच्या शेजारी बसले. लांब वळण आलं आणि तेलाच्या दाबाचा काटा धाडकन शून्यावर! अप्पा ओरडले,

"थांबव! इंजिन जाम होईल!"

"वळणावर तेल एका अंगाला पळतं, अप्पा. पंपाला मिळतच न्हाई."

अप्पांनी कपाळावर हात मारला. पाणी असं पळू नये, म्हणून तीस वर्षं प्रत्येक टँकरात आडवे पत्रे त्यांनीच जोडले होते.