अंगठेकाकांची हिरवी फळं

अंगठेकाकांना लिहितावाचता उत्तम येत होतं. तरी अख्खी मंडई त्यांना अंगठेबहाद्दर म्हणायची आणि त्यांना त्याचा राग नव्हता. नवं गिऱ्हाईक गोंधळून बघायला लागलं की तेच उजवा अंगठा वर करून म्हणायचे, "सहीपेक्षा हाच जास्त चालतो आपला." पुढे बहाद्दर गळून पडलं आणि अंगठेकाका तेवढे उरले.

मंडईच्या मागच्या दाराजवळ त्यांचा गाळा होता. वर पत्रा, आणि मनात येईल तेव्हाच लागणारी एक ट्यूबलाइट. डाव्या अंगाला काकूंची भाजी. हिवाळ्यात मटार, गाजरं, मुळे, नवलकोल, पाल्यासकट बीट असा थाट असायचा. उजवीकडे काकांचे ॲव्होकाडो, आणि ॲव्होकाडोशिवाय दुसरं काही नाही. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, "दुकान चालतं माझ्या मुळ्यांवर. यांच्या फळांवर फक्त यांचा तोरा चालतो." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तोरा होता, खोटं कशाला बोला. पण तो उगाच नव्हता. ॲव्होकाडो हे भलतं लहरी फळ. झाडावर असेपर्यंत पिकायचं नावच घेत नाही. उतरवून टोपलीत ठेवलं की मग आपल्या मर्जीने पिकतं. काल दगड, आज लोणी, उद्या चिखल. मधला लोण्याचा दिवस ज्याला धरता आला त्यालाच ते खायला मिळतं. म्हणून काका भाव सांगण्याआधी विचारायचे, "कधी खाणार?" त्यांच्यापुढे तीन टोपल्या असायच्या: आजची, परवाची आणि रविवारची. रविवारी पाहुणे आहेत म्हणून मंगळवारी फळं नेलेल्या माणसालाही ती रविवारी दुपारी अगदी हवी तशी मिळायची. गिऱ्हाइकाने मात्र फळाला हात लावायचा नाही. कुणी दाबून बघायला गेलं की काका खेकसायचे, "दाबू नका हो! दाबलेलं आज दिसत नाही, उद्या आतून काळं पडतं. मग माझ्या नावाने खडे फोडाल."

उन्हाळ्यात या कामाला फारशी अक्कल लागत नसे. तेव्हा येणारी खरबरीत सालीची जात सगळ्यांच्या ओळखीची. ती पिकताना हिरवीची काळी होते, शेंबड्या पोरालाही कळतं. खरी परीक्षा हिवाळ्यात. गाजरं लाल व्हायला लागली, मटार भरले, की बाजूच्या डोंगरातल्या जुन्या बागांमधून फारशी कुणाला माहीत नसलेली हिरवी फळं यायची. पेट्यांवर त्यांची नावं फुएर्ते, बेकन, झुटानो अशी असत. काकांनी त्यांना घरातली नावं दिली होती. फुएर्ते म्हणजे थोरला: मान बारीक, साल पातळ, चवीला तिघांत भारी. बेकन मधला: अंड्यासारखा गुळगुळीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि झुटानो धाकटा. "दिसायला राजबिंडा, चकचकीत. पण चवीला पाणचट. त्याच्या रूपावर जाऊ नका," असं काका सांगायचे आणि मग तोही खपवायचे.

हे तिघं पिकले तरी हिरवेच राहतात. पोटात काय चाललंय ते तोंडावर दिसू देत नाहीत. इतर गाळेवाले म्हणूनच त्यांच्या वाटेला जात नसत, कारण गिऱ्हाईक हिरवं फळ बघून कच्चं समजतं आणि पुढे जातं. थंडीत मंडईत हिरवा ॲव्होकाडो विकायचा तर तो पिकलाय हे कुणीतरी छातीठोक सांगावं लागतं. ते अंगठेकाका सांगायचे, आणि सांगायचे ते त्यांच्या अंगठ्याच्या जोरावर.

त्या हिवाळ्यात पहिली तक्रार आणली शाळेतल्या बाईंनी. दर आठवड्याला थोरला नेणाऱ्या, जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी डबा उघडून अर्धं कापलेलं फळ पुढे केलं. पिवळसर गरात मानेपाशी काळपट लांबट डाग.

"काका, वरून इतकं छान, आणि आत हे असं."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी दुसरं फळ निवडून दिलं. पुढच्या आठवड्यात बाईंनी त्याच्याबद्दलही तेच सांगितलं. मग खानावळीचा आचारी आला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "काका, निम्मी फेकली बघा. आता डोळे मिटून माल घ्यायची सोय राहिली नाही तुमच्याकडे." हे निदान बोलले तरी. बाकीची माणसं काही न बोलता यायचीच बंद झाली, आणि काकांना त्यांचंच जास्त लागलं.

कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं काकांना कळलं होतं. त्यांनी खापर फोडलं पैलवानावर. पैलवान म्हणजे त्यांचा हमाल. काडीसारखा माणूस, म्हणून पैलवान. कित्येक वर्षं तो ट्रकमधून काकांच्या पेट्या डोक्यावरून आणत होता आणि सकाळचा चहा त्यांच्याच गाळ्यावर घेत होता. काकांनी त्याला सगळ्यांसमोर धारेवर धरलं.

"पेट्या आपटतोस तू! माल आहे का विटा आहेत?"

"काका, आजवर कधी आपटली का मी?"

"मग आत डाग काय भुताने पाडले?"

पैलवानाने हातातली पेटी इतकी हळू खाली ठेवली की तिचा आवाजही झाला नाही. डोक्यावरची चुंबळ काढून त्याने झटकली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या कांदेवाल्याची पोती वाहायला लागला. काकू म्हणाल्या, "अहो, काय केलंत हे?" मग काका स्वतःच पेट्या आणू लागले, खाली पेंढा घालू लागले, कंबर धरून बसू लागले. डाग पडायचे ते पडतच राहिले.

खरं तर चिन्हं घरात कधीपासून दिसत होती. शर्टाची बटणं लावायला काकांना वेळ लागायचा. चहाचा तापलेला ग्लास ते सरळ मुठीत धरायचे, आणि काकू ओरडल्या की म्हणायचे, "सवय आहे मला." एकदा तर एक चप्पल वाटेत निसटली आणि हे एकाच चपलेवर मंडईपर्यंत आले. काकू दिवसभर हसत होत्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी तो किस्सा सांगितला होता, आणि काकाही हसले होते.

मग एके दिवशी बागवाला स्वतः आला. जुन्या झाडाची थोरल्याची फळं त्याने एकेक कागदात गुंडाळून काकांच्या हातात दिली. "विकू नका, घरी खा," म्हणाला. काकांनी ती आपल्या पिशवीतून, पोटाशी धरून घरी नेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडली आणि रोज उठल्यावर एकेकाला अंगठा लावून पाहिला. एका दुपारी त्यांनी जाहीर केलं, "आज."

काकूंनी पाव कापून ठेवला, मीठ काढलं, फळावर सुरी फिरवली. आत डाग. दुसरं कापलं, त्यातही डाग.

"हा पैलवान म्हणजे..." काकांनी सवयीने सुरुवात केली आणि तिथेच थांबले. या फळांना पैलवानाचा हात लागला नव्हता. त्यांच्याशिवाय कुणाचाच लागला नव्हता. त्यांनी उजवा अंगठा उचलून हळूच त्या काळ्या डागावर ठेवला. तो डागाच्या कडेला कड लावून नीट बसला.

काकूंनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा हो."

काकांनी डोळे मिटून हात पुढे केला आणि वाट पाहिली. "अगं, काय ठेवणार आहेस? ठेव की."

काकांनी डोळे उघडले. तळहातावर घराची किल्ली होती.

डॉक्टरांनी टाचणीने टोचून पाहिलं, रक्त तपासलं. साखर वाढलेली होती, आजची नव्हे, जुनी. आधी पाय बधिर, मग हात. "औषधाने आहे ते टिकवता येईल," ते म्हणाले. "गेलंय ते परत येईल असं मी सांगू शकत नाही."

"डावा हात?" काकांनी विचारलं.

"तोही तसाच आहे."

"निदान हिवाळा संपेपर्यंत तरी काही करता येईल का? हिरवा माल तेवढाच असतो."

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खाली पाहिलं.

मग सुरू झाली काकांची धडपड. अंगठा गेला तर गाल आहे, म्हणून त्यांनी फळ गालाला लावून पाहिलं. एका गिऱ्हाइकाने ते फळ घेतलं, पण आधी रुमालाने पुसून घेतलं. देठाची टोपी काढून आतला रंग बघायचा म्हणे, तेही केलं. पण टोपी काढली की तिथून फळ सडायला लागतं. वासाचा काही उपयोग नव्हता. ॲव्होकाडोला वास असता तर रडायचं कारणच काय होतं? शेवटी तिन्ही टोपल्यांतला माल एक झाला आणि काका त्यापुढे हात चोळत बसू लागले.

एका सकाळी ते समोरच्या गाळ्यावर गेले. "पैलवाना, चुकलं रे माझं. माझ्या हाताने झालं ते सगळं."

"जाऊ द्या काका. चहा घ्या."

पैलवान पुन्हा त्यांच्याकडे आला नाही. कांदेवाल्याला शब्द दिला होता, त्याचाही इलाज नव्हता. पण चहाचा ग्लास पुढे करताना त्याने तो आपल्या फडक्यात नीट गुंडाळून दिला, काकांना चटका बसू नये म्हणून. याच्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

मालाचा भर तर आता येत होता. शेवटी काकूच म्हणाल्या, "मला शिकवा."

"तुझा हात मुळ्याचा. जुड्या आवळणारा."

"आवळणारा तर आवळणारा. त्याला कळतंय तरी."

हे बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. काका मात्र उठून जवळ येऊन बसले. त्यांनी एक फळ काकूंच्या हातात दिलं.

"दाब. मानेपाशी. हळू."

"किती?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

आता हे कसं सांगायचं? आयुष्यभर जे अंगठ्याने केलं त्याला काकांपाशी शब्दच नव्हता. त्यांनी लोणी सांगून पाहिलं, उशी सांगून पाहिली, मऊ झालेला साबण सांगून पाहिला. काकू दाबत होत्या आणि विचारत होत्या, "अहो, पण किती?" काका चिडले, मग त्यांचे डोळे भरून आले.

"आण इकडे हात."

त्यांनी काकूंचा हात मांडीवर घेतला. बाही वर सारली. मनगटाच्या वरच्या मऊ भागावर अंगठा ठेवला. "हे बघ. आजचं असेल ना, तर एवढंच. अगदी अलगद. पीस ठेवल्यासारखं. कळलं?"

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "कळलं."

"आता परवाचं. याच्यापेक्षा किंचित जास्त. आणि हे रविवारचं." काका मन लावून दाखवत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना आपण कामाचे आहोत असं वाटत होतं. "लक्षात राहील ना? परत दाखवू?"

"दाखवा," काकू म्हणाल्या.

काकांनी परत दाखवलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या वर्षांनी ही आपल्याशेजारी बसून आपलं काम शिकतेय, म्हणून तिला भरून आलं असेल, असं त्यांनी धरलं. त्यांना स्वतःलाही भरून आलं.

दुसऱ्या दिवशी थंडी कडाक्याची होती. मटाराच्या शेंगांवर दव साचलं होतं. काकूंनी स्वेटरच्या बाह्या पार बोटांपर्यंत ओढून घेतल्या होत्या. शाळेतल्या बाई आल्या. सवय तुटत नाही माणसाची. तक्रारी करूनही त्या आल्या होत्या. काकांना इतका आनंद झाला की आवाजच चढला.

"कधी खाणार?"

"आज दुपारी."

काकांचा हात टोपलीकडे गेला आणि परत आला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पुढे झाल्या. लांब बाही मध्ये येत होती, म्हणून त्यांनी ती नकळत कोपरापर्यंत सारली आणि थोरला उचलून त्याच्या मानेपाशी अंगठा टेकवला.

मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, तीन डाग होते. काळेनिळे, लांबट, कडेला लालसर. एक आजचा, एक परवाचा, एक रविवारचा.

"अगंबाई, काकू, हाताला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो. पेटीत सापडला," काकू म्हणाल्या आणि बाही खाली ओढली. मग फळ काकांपुढे धरून विचारलं, "हाच ना?"

काकांनी फळाकडे पाहिलं. ते हिरवं होतं. शेजारचंही हिरवं होतं.

"हो," ते म्हणाले. "हाच."

बाई फळ घेऊन गेल्या. काकांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले. ते नीट आत गेलेत ना, हे कळायला त्यांना मान खाली घालून बघावं लागलं.