लोपीसबाई आणि निरसं दूध

लोपीसबाई कायम काळा चहा पीत. दुधातले जंतू शोधण्यात आयुष्य घालवलेली बाई दुधाला घाबरते, अशी लॅबमध्ये त्यांची चेष्टा चाले. "घाबरत नाही रे," त्या म्हणत, "ओळखते."

त्या वसईच्या. शारजाच्या लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली होतो. नमुना लावला की मॅनेजर दारात हजर: "यल्ला मॅडम, रिपोर्ट?" बाई मान वर न करता सांगत, "जंतूला तुमची घाई कळत नाही. वाढू दे त्याला."

एकदा डबा खाताना मी म्हणालो, माझ्या बायकोला, अनघाला, सातवा महिना लागलाय, तिच्यासाठी रोल्ला भागातल्या एका दुकानातून शेळीचं ताजं दूध आणतो.

"तापवता ना?"

"इथे कोण तापवतं, बाई? फ्रिजमधून थेट ग्लासात."

इकडे सगळ्यांचं तसंच झालं होतं. पाकिटातल्या दुधाने तापवायची सवय मोडली, आणि मग निरसं दूधही आम्ही तसंच पिऊ लागलो.

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "आजपासून बंद. तिला डॉक्टरकडे ने. आणि घरातली बाटली मला आणून दे."

मी दोन्ही केलं. दुधाच्या पहिल्या तपासणीत काहीच उगवलं नाही. "खलास, क्लीन आहे," मॅनेजर म्हणाला. बाईंनी तोच नमुना फ्रिजमध्ये ठेवून दिला. थंडीत बाकीचे जंतू मंदावतात. लिस्टेरिया ही जात मात्र हळूहळू वाढत राहते. आईला साधा ताप देऊन ती पोटातलं मूल नेऊ शकते.

काही आठवड्यांनी बाईंनी पुन्हा प्लेट लावली. या वेळी निळसर हिरवे ठिपके उठले, प्रत्येकाभोवती दुधी वलय.

"ये, बघ."

सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्या कोलांट्या मारत होत्या. "बाकीचे गारठतात तिथे ही संसार मांडते," बाई कौतुकाने म्हणाल्या. पण त्या काड्यांपेक्षा मी बाईंकडेच पाहत राहिलो. जे दिसतही नाही त्याच्यासाठी माणूस इतकं शांतपणे थांबू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी आणखी एक चाचणी लावून खात्री केली, आणि मगच रिपोर्टवर सही केली. त्या दुकानातलं निरसं दूध बंद झालं. अनघा सुखरूप बाळंत झाली, ईराचा जन्म झाला.

गेल्या महिन्यात वसईहून फोन आला, बाई गेल्या. त्या संध्याकाळी मी ओट्याशी पाकिटातलं दूध तापवत उभा होतो. ईरा मागे येऊन म्हणाली, "बाबा, इट्स ऑलरेडी पाश्चराइज्ड."

"माहीत आहे. ये, बघ."

ती आता माझ्या खांद्याला लागते. दूध वर येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.