बाहेरून मोजलेलं चाक

मोटारीचा टायर किती रुंद असावा, या विषयावर मी वयाच्या तेविसाव्या वर्षी अधिकारवाणीनं बोलायचो. मला मोटार चालवता येत नव्हती, ही गोष्ट त्याच्या आड कधी आली नाही.

पाण्याच्या नळांच्या खात्यात मी ड्राफ्ट्समन होतो. नोकरीला सहा महिने झाले होते, म्हणजे मला सगळं येऊ लागलं होतं. अंधेरीत आमचं घर, खाली बाबांचा दवाखाना आणि दारात त्यांची छोटी काळी विलायती गाडी. सन पन्नास उलटून चारपाच वर्षं झाली असतील, तेव्हा बाबांना काचबिंदू झाला. एका संध्याकाळी त्यांनी गाडी शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनावर घातली, खाली उतरले आणि वृंदावन भलत्या जागी बांधलं म्हणून शेजाऱ्यांनाच झापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "गाडी विकून टाकू."

"मी चालवीन ना," ताई म्हणाली. "व्हिजिटला मी नेईन तुम्हाला."

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दवाखान्यात औषधं तीच बनवून द्यायची. गाडी तिला आमच्या मामानं शिकवली होती. मामा लष्करात ट्रक चालवायचा आणि सुटीवर आला की तिला वर्सोव्याच्या रस्त्यावर घेऊन जायचा. तिच्याकडे लायसन होतं. पण बाबा तिच्या शेजारी एकदाही बसले नव्हते. "मला डोळे मिटून बसता येत नाही," म्हणायचे. डोळे त्यांचे तसेही मिटतच आले होते, पण हे त्यांना सांगणार कोण?

तरी ताईनं पिच्छा सोडला नाही. शेवटी बाबांनी तोड काढली. आमच्या इथल्या जिमखान्याच्या वार्षिक समारंभात मोटारी चालवण्याची शर्यत असायची. मैदानावर डांबराची रिकामी पिंपं नागमोडी मांडायची, त्यांच्यामधून गाडी न्यायची, टोकाला वळवायची आणि तशीच परत आणायची. "एकही पिंप न हलवता आलीस तर चावी तुझी," बाबा म्हणाले. "नाहीतर गाडी विकली."

ताईनं ते ऐकून फक्त मान हलवली. उत्साह आला तो मला.

मैदान भुसभुशीत मातीचं. गाडीचे टायर पाच इंची. मी विचार केला, टायर जितका रुंद तितकं रबर जमिनीला जास्त टेकणार, आणि तितकी पकड घट्ट. झकास! ताईला बोलावून हे मी तिला कागदावर आकृती काढून समजावलं.

"पाच इंचीच राहू दे रे," ती म्हणाली. "चाकाखाली खडा आला तरी मला हाताला कळतो."

"खडा कळून काय करायचंय? पिंपं चुकवायचीत."

"बघ बाबा. तू इंजिनीअर."

मी इंजिनीअर नव्हतो, पण हे दुरुस्त करावंसं मला वाटलं नाही. ऑफिसातून कॅलिपर आणला आणि रिम मोजला. कॅलिपरचे दोन पाय रिमच्या दोन्ही कडांना बाहेरून लावले आणि माप वाचलं: चार इंच. आमच्या खात्यात नळ बाहेरून मोजायची सवय, कारण तो जमिनीत पुरायचा असतो आणि खड्ड्याला नळाच्या पोकळीशी देणंघेणं नसतं. रिमचं तसं नसतं. टायर रिमच्या दोन कडांच्या आत बसतो, म्हणून रिम आतून मोजतात. आमचा रिम आतून जेमतेम तीन इंच होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि जे मला ठाऊक नसायचं ते जगात नसायचंच.

चार इंची रिमला सहा इंची टायर, असा हिशेब मी मांडला. लष्कराच्या लिलावातला माल विकणाऱ्या एका दुकानात मला सहा इंची टायर मिळाले, तेही दोनच. दोन तर दोन, पुढच्या चाकांना लावू. शर्यतीच्या आदल्या दिवशी ताईला गाडी घोडबंदर रोडवरच्या टायरवाल्याकडे न्यायला लावली. त्यानं रिम पाहिला, टायर पाहिला आणि मान हलवली. "साहब, ये रिमपे ये टायर लोटेगा." म्हणजे वळणावर टायर रिमवरच कलंडेल, असं त्याचं म्हणणं.

मी खिशातून ड्रॉइंग काढून त्याच्यापुढे धरलं. त्यावर मापं होती, बाण होते, कोपऱ्यात माझी सही होती. बिचाऱ्यानं मुकाट्यानं टायर चढवले. गाडी नाक वर करून उभी राहिली. घरी येताना ताई म्हणाली, "स्टिअरिंग जड लागतंय रे."

"नवीन आहे. बसेल."

दुसऱ्या दिवशी रविवार. अख्खं अंधेरी मैदानावर लोटलेलं. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर प्रतिष्ठित मंडळी आणि त्यांच्या मधोमध बाबा, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. ताईनं साधं पाचवारी नेसून पदर कमरेला घट्ट खोचला होता. तिनं माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि गाडी सोडली.

पहिलं पिंप चुकवलं, दुसरं चुकवलं. काय सफाईनं चुकवलं! तिसऱ्याला वळण जास्त होतं. तिनं स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि घर्रर्र आवाज आला. टायर रिमवर कलंडून मडगार्डला घासत होता. चाक पुढे वळेना, रबराचा जळका वास सुटला आणि गाडीनं पिंपाला धडक दिली. पिंप आडवं झालं, गडगडत निघालं आणि थेट बाबांच्या पायाशी जाऊन थांबलं. बाबांनी ते काठीनं चाचपलं.

"बाईमाणसाचं काम आहे का हे!" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. लाउडस्पीकरवर पुढचा नंबर पुकारला गेला.

दुपारी घरी सगळे आडवे झाल्यावर कॅलिपर घेऊन गाडीपाशी गेलो, एक चाक उतरवलं, टायर रिमच्या कडेवरून सोडवला आणि आतून मोजलं. तीन. पुन्हा मोजलं. तीनच. मग ड्रॉइंग फाडून टाकलं आणि वर येऊन मीही आडवा झालो. मला कोणी काही विचारलंच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. एरवी घरात न विचारता मत देण्याचं काम माझ्याकडेच होतं. एवढी एक गोष्ट सोडून त्या आठवड्यात मी बाकी सगळ्यावर बोललो.

बाबांनी गाडी कांदिवलीच्या एका लाकडाच्या वखारवाल्या शेठना द्यायचं ठरवलं. शब्द दिला. शेठना गाडी चालवता येत नव्हती, त्यांचा ड्रायव्हर सोमवारी येणार होता. पण मुहूर्त शनिवारचा! गाडी त्या दिवशी दुपारच्या आत वखारीत पोचायलाच हवी होती. नेणार कोण? ओळखीचा माणूस आयत्या वेळी गावाला गेला होता.

"मी नेते," ताई म्हणाली.

बाबांपुढे दुसरा इलाज नव्हता. ताई मला खाली घेऊन गेली आणि म्हणाली, "आधी जुने टायर चढव."

"का गं?"

"चढव म्हणते ना!"

मी टायरवाल्याला बोलावून जुने टायर चढवले. सहा इंची जोडी शेठना गाडीबरोबरच द्यायची होती, ती मागच्या सीटवर ठेवली आणि तिच्या शेजारी मी अंग चोरून बसलो. पुढे ताई, आणि तिच्या शेजारी आयुष्यात पहिल्यांदा बाबा.

जोगेश्वरीला तबेल्याच्या म्हशी रस्त्यात आडव्या आल्या. ताईनं हॉर्नसुद्धा वाजवला नाही, म्हशींच्या चालीनं गाडी हळूहळू काढली. मालाडच्या बाजारात भाजीच्या पाट्यांमधून अशी नेली की पाटीवाल्या बाईनं मानही वर केली नाही. सुरुवातीला बाबांनी दाराची कडी घट्ट धरली होती. गोरेगावच्या पुढे त्यांनी ती सोडली, आणि मालाड आलं तेव्हा ते डोळे मिटून बसले होते.

वखारीचं आवार अरुंद. दोन्हीकडे सागाचे ओंडके रचलेले आणि मध्ये गाडीला वळायला इतकीशी जागा. ताईनं एका दमात गाडी फिरवून फाटकाकडे तोंड करून उभी केली. ओंडक्याची सालसुद्धा खरवडली नाही.

बाबांनी डोळे उघडले. "अशी चालवतेस? अगं, मग त्या दिवशी काय झालं होतं?"

ताईनं वरच्या आरशात पाहिलं. आरशात मी होतो आणि माझ्या शेजारी ते दोन जाडजूड टायर. चांगला दीर्घ श्वास घेऊन सोडता येईल इतका वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मी टायरवरच्या नक्षीत अडकलेला एक खडा नखानं काढू लागलो.

"हात चुकला, बाबा," ती म्हणाली.

शेठनी चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. बाबांनी ताईकडून चावी घेतली, पण शेठना लगेच दिली नाही. दोनदा ताईकडे बघितलं. पण शब्द गेला होता. चावी शेठच्या हातात पडली आणि बाबा खोबऱ्याचा तुकडा हातात धरून नुसते उभे राहिले.

परत येताना कांदिवली स्टेशनच्या बाकावर बाबांना बसवून आम्ही दोघं थोडे लांब उभे होतो. ताई हळूच म्हणाली, "आतून मोजतात रे, गाढवा."

मी चरकलो. "तुला कसं कळलं?"

"तू चाक तसंच टाकून वर गेलास ना, त्यानंतर मी मोजलं. शिवणाच्या टेपनं."

"मग आज बोलली का नाहीस?"

"तू बोलतोयस का ते बघत होते."

त्यानंतर वारेपर्यंत बाबा टांग्यानंच व्हिजिटला जायचे, आणि शेजारी बॅग धरून ताई. रिमचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही. पुढे मी गाडी चालवायला शिकलो, स्वतःची गाडीही घेतली, आणि टायरच्या बाबतीत लोक अजून माझा सल्ला घेतात. ताईला मी पुष्कळदा फिरवून आणलं. "चालवतेस का?" असं दोनतीनदा विचारलंही. "नको रे, तूच चालव," म्हणायची आणि मागे जाऊन बसायची. पण वळण आलं की मला आरशात दिसायचं. मांडीवर ठेवलेले तिचे दोन्ही हात माझ्या जरा आधी वळायचे.